भरतीच्या वेळचं पाणी

मी जात्याच भित्री. पोलादपूरच्या डोंगरातून लग्न होऊन महाडला आले, तेव्हा सासूनं सगळ्यात आधी सावित्री नदीची रीत शिकवली. भरती असताना पाणी भरायचं नाही.

गावचं गटार पाणवठ्याच्या खालच्या अंगाला नदीत सुटायचं. त्याच्या तोंडाशी दगडी हौद होता. त्यात गाळ बसे, वरून चुना पडे आणि निवळलेलं पाणी नदीत जाई. निवळलेलं म्हणायचं आपलं. वास काही निवळत नसे. ओहोटीला ते सारं खाडीकडे निघून जायचं, पण भरतीला सावित्री उलटी चढायची आणि ती घाण पाणवठ्यापर्यंत मागे यायची. महाडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एका वैशाखात आडांनी तळ गाठला आणि त्यातच शेजारच्या आळीत पटकीची साथ आली. मी लेकीला दाराबाहेर सोडेना. लेक नुकती पावलं टाकू लागली होती. नेमकी तेव्हाच माझी आई करवंदांची पाटी घेऊन नातीला बघायला डोंगरावरून उतरली. तिला परत पाठवावं असं मनात आलं, पण आलेल्या आईला उंबऱ्यावरून कोण वळवतं?

दुपारी माझा डोळा लागला. उठून बघते तर आई लेकीला वाटीनं पाणी पाजत होती आणि शेजारी भरलेला हंडा. घरातलं पाणी संपलं, तुला कशाला उठवायचं, म्हणून मीच नदीवर जाऊन आले, असं ती कौतुकानं सांगू लागली. मी परसात धावले. नदीवरचा पालापाचोळा वरच्या अंगाला चालला होता. भरती लागली होती.

आत येऊन मी तिला तोंडाला येईल ते बोलले. तिला काही उमजेना. डोंगरात वरचं पाणी पिण्याचं, खालचं गुरांचं आणि धुण्याचं. यापलीकडे पाण्याचा कायदा नसतो.

"गटार खाली हाय ना गो? मी तर वर भरलं," एवढंच ती म्हणत राहिली.

शेवटी मी तिला हाताला धरून परसात नेलं. ती पाण्याकडे बघतच राहिली. मग घरात गेली आणि हंडा उपडा केला.

दिवेलागणीला लेकीला उलटी झाली. तिला मांडीवर घेऊन मी सारखी तिचे तळपाय चाचपत होते, गार पडलेत का म्हणून. आई समोर येऊन बसली.

"तिच्याकडं नको, माझ्याकडं बघ," ती म्हणाली. "पोराला नवं पानी द्यायच्या आधी आपन ओंजळभर पितो, ती आपली रीत हाय. मी आधी प्यालेय. व्हायचं ते आधी मला होईल."

असं अभद्र बोलू नकोस, म्हणायला हवं होतं. पण मी खरंच तिच्याकडे बघत बसले. तिचे डोळे, तिची नखं, तिचे ओठ. तिनं भाकरी मागितली की मला वाटे, लेक वाचली.

कुणालाच काही झालं नाही. उलटी करवंदांची होती. आई सुखरूप डोंगरावर परतली, पाटी मात्र विसरून गेली. ती रिकामी पाटी उचलताना मला पहिल्यांदा आईसाठी भीती वाटली, की ती मेली असती तर. तोवर तो विचार मनाला शिवलाही नव्हता. मग मी तिथेच बसून रडले.