चौदा नंबरची कॉट

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात साठ कॉट होत्या, आणि साठच्या साठ गुण्याकाकांच्या हातच्या. लाकूड साधंच होतं. पण तीस वर्षं झाली, कितीतरी मुली त्यांवर लोळल्या, रडल्या, तोंडावर पुस्तक घेऊन झोपल्या, कधी कुरकुर म्हणून नाही. मुलींचीही नाही आणि कॉटचीही नाही.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. ते काकांच्या खिशातून कायम डोकावत असे, म्हणून हे नाव. दार असो, टेबल असो, काका आधी गुण्या लावणार आणि मग बोलणार. "मी लाकडाशी कधी खोटं बोललो नाही, माणसाशी कशाला बोलू?" असं ते म्हणत. खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळा म्हणत.

अशा माणसाला एका दुपारी रेक्टर मॅडमचा निरोप आला, की चौदा नंबरच्या खोलीतली कॉट चांगली नाही. काका जेवून हात धुतात न धुतात तोच तरातरा निघाले.

"काय झालंय कॉटला? पाय हलतोय?"

"कॉट नाही हलत, काका," खोलीतली मुलगी म्हणाली. "मीच हलत नाही."

ही मुलगी दगडांचा अभ्यास करायची. खिडकीत दगड, टेबलावर दगड; मैत्रिणी तिला गारगोटी म्हणत. परीक्षा तोंडावर आलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं खाली मान घालून सांगितलं, "जाग येते. डोळे उघडतात. पंखा दिसतो, भिंत दिसते. पण हात हलत नाही, पाय हलत नाही. ओरडावं तर आवाज फुटत नाही. आणि छातीवर कोणीतरी बसलेलं असतं. चांगलं माणसाच्या वजनाचं."

"ऐकलंत?" रेक्टर मॅडम म्हणाल्या. "हिच्या खोलीतल्या दोघी गाद्या उचलून व्हरांड्यात झोपायला गेल्यात. मुली म्हणतात कॉट झपाटलेली आहे. मी म्हणते हिला अभ्यासाचा कंटाळा आलाय. आता तुम्हीच सांगा, काका. कॉटमध्ये खोट असेल तर जाळून टाकू. नसेल तर हिच्या घरी कळवते, घेऊन जा म्हणून. एकीपायी सगळं वसतिगृह काय जागं ठेवू?"

गारगोटीचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. मोठा भाऊ तिचं शिकणं थांबवायला टपूनच होता. घरी एक पत्र जायचा अवकाश. पण काकांच्या कानात 'घरी कळवते' शिरलंच नाही. त्यांच्या कानात 'जाळून टाकू' एवढंच घुमत होतं.

"माझ्या कॉटवर कोणाला बसायचंच असेल, तर आधी मला विचारून बसेल!" काका गरजले. "आणा बाहेर. मी स्वतः झोपून दाखवतो."

कॉट व्हरांड्यात आली. वीस-पंचवीस मुली कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, मॅडमनी खुर्ची मागवली. आठवडाभर काका वाचनालयाची नवी कपाटं उरकत होते. चार तासांच्या वर झोप नव्हती. गुण्या छातीवर ठेवून ते ऐटीत उताणे पडले आणि पाण्यात दगड बुडावा तसे झोपेत बुडाले.

जाग आली तेव्हा व्हरांड्याचं छत दिसत होतं. काकांना वाटलं, उठावं. उठता येईना. हात म्हणाला नाही, पाय म्हणाला नाही. छातीवरचा वीतभर गुण्या ऐरणीएवढा झाला, आणि त्या ऐरणीवर कोणीतरी गुडघे रोवून बसलं. मुलींचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"काका बघ, राजासारखे झोपलेत."

"डोळे अर्धे उघडे ठेवून?"

"म्हातारी माणसं झोपतात गं तशी."

अगं उठवा गं मला कोणीतरी, काका आत ओरडत होते. ओरड घशाच्या अलीकडेच विरत होती. डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या पायाचा अंगठा धरून जोरात हलवला. वजन एकदम उतरलं. काका धडपडून उठून बसले. गुण्या फरशीवर खणकन पडला. पायाशी गारगोटी उभी होती.

"अगं, झोपू दे ना त्यांना!" मॅडम ओरडल्या.

पंचवीस मुलींच्या नजरा काकांवर. साठ कॉट, तीस वर्षं. काकांची जीभ त्यांना न विचारताच बोलून गेली, "कशाला उठवलंस गं? काय सुंदर झोप लागली होती!"

मुली खिदळल्या. मॅडम उठल्या. "झालं तर मग. कॉट निर्दोष."

गारगोटी हसली नाही. काकांच्या डोळ्यापासून कानापर्यंतची ओली रेघ ती बघत होती. 'काका, खोटं बोलताय' असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त खाली पडलेला गुण्या उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

घरी काकांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. "छातीत काहीतरी झालं दुपारी," एवढंच काका बायकोपाशी बोलले. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरांनी नळी लावली, ऐकलं, आणि हसले. "हृदय ठणठणीत आहे. मन जागं झालं, अंग झोपेतच राहिलं, एवढंच. झोप अपुरी, त्यात उताणे झोपलात. परीक्षा आल्या की किती विद्यार्थी हेच घेऊन येतात. येतात खोकल्याचं नाव सांगून, आणि दार लोटून घेतलं की मग खरं बोलतात. तुम्ही सांगितलंत कोणाला?"

"नाही."

"कोणीच सांगत नाही. लाजतात."

काका बाहेर आले ते मेल्याहून मेल्यासारखे. पोरगी खरी होती. भर दुपारी तिनं आपल्याला सोडवलं, आणि आपण तिलाच खोटं पाडलं. सरळ जाऊन सांगावं, तर पाऊल उचलेना. तीन दिवस ते वसतिगृह टाळून मागच्या वाटेनं कामावर गेले. खिशातला गुण्या त्यांनी पेटीत टाकून दिला.

चौथ्या दिवशी मॅडमचा निरोप आला, "त्या मुलीचा भाऊ न्यायला आलाय. तिच्या दगडांना एक खोकं ठोकून द्या."

हे काम टाळायला तोंड नव्हतं. काका फळ्या घेऊन गेले. व्हरांड्यात गारगोटी एकेक दगड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, प्रत्येकाबरोबर नावाची चिठ्ठी, जणू परत कधी उघडायचेच आहेत. भाऊ घड्याळ बघत उभा होता. काकांनी ओठांत खिळे धरले. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

काकांनी उरलेले खिळे हातावर थुंकले.

"मॅडम, खोकं होणार नाही."

"का? फळ्या कमी पडल्या?"

"त्या दिवशी मी खोटं बोललो. मला झोपबीप काही लागली नव्हती. म्हणजे लागली होती. पण हिला होतं तेच मला झालं. हिनं अंगठा हलवला म्हणून सुटलो."

भाऊ पुढे झाला. "म्हणजे कॉट खरंच झपाटलेली आहे?"

"कॉट बरी आहे आणि तुमची बहीणही बरी आहे. त्या दिवशी बरा नव्हतो तो मी. दवाखान्यात जा, डॉक्टरांना विचारा. सगळं सांगतील."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मॅडमचा आवाज चढला. मुली दारादारांतून डोकावू लागल्या.

"लाज वाटली."

"बासष्ट वर्षांच्या माणसाला?"

"त्याला जास्तच वाटते."

मॅडम आणि भाऊ दवाखान्यात जाऊन तासाभरानं परतले. भाऊ ओशाळा झाला होता. पण तोरा तसाच. "परीक्षा होऊ दे," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू." मॅडम तडक आत गेल्या. काकांशी तर त्या पुढे महिनाभर बोलल्या नाहीत.

कॉट अजून व्हरांड्यातच पडून होती. काकांनी एक बाजू धरली. दुसरी बाजू गारगोटीनं धरली. खोलीत नेऊन ठेवल्यावर काका खाली बसून चारही पाय तपासू लागले. एकही हलत नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. पण मान खाली घालायला काहीतरी काम हवं होतं.

माफी मागायची होती.

"काका," ती वरून म्हणाली, "परत झालं ना, तर सगळं अंग एकदम हलवायला जाऊ नका. आधी नुसता पायाचा अंगठा. बाकीचं मागून येतं."

काकांनी मान हलवली. चौथा पाय त्यांनी पुन्हा एकदा तपासायला घेतला.