जखम पाहिल्याशिवाय

मलकापुरात मलम विकणारे एक चाचा आहेत. मेण आणि तिळाचं तेल ते स्वतः कढवतात, पण जखम पाहिल्याशिवाय डबी कुणालाच देत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, वाकून बघतात, मगच हात डबीकडे जातो.

परवा मी लेकीला घेऊन गेले. म्हटलं, "हिचा रंग उजळेल असं मलम द्या."

चाचांनी भरत असलेल्या डबीचं झाकण लावलं. "ताई, मलम हा लफ्ज अरबीतून आला. तिकडं मरहम, आपल्याकडं मलम. मतलब एकच, जखमेवर लावाची चीज."

मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "तुले कुठं लागलं, बेटी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.