कार्डाची सोयरीक

फ्रिजची किस्त समजून मी दीड वर्ष भलतीच रक्कम भरत होतो.

दर महिन्याला ब्रह्मपुरीच्या आमच्या घरी क्रेडिट कार्डाचं बिल यायचं. त्यात दोन आकडे असायचे, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं असायचं, की कमीत कमी एवढे तरी भरा. मी सरकारी कारकून. कमीत कमी म्हटलं की तेवढंच करायचं, हे नोकरीत अंगी मुरलेलं. मी लहान आकड्याचा चेक लिहायचो, पोस्टात टाकायचो, आणि मोठ्या आकड्याकडे बघायचोच नाही. तो वरिष्ठांचा विषय असावा असं वाटायचं.

बायको विचारायची, "किती किस्ती राह्यल्या वो फ्रिजच्या?"

"संपतच आल्या," मी सांगायचो. खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

कार्ड मला नागपुरात मिळालं होतं. एका मोठ्या दुकानाबाहेर टाय लावलेला माणूस उभा होता, त्याने मला 'सर' म्हटलं. माझ्या नोकरीत तोपर्यंत मला कोणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे सही माझ्या हातून आपोआप झाली. गावात कार्ड घेणारं दुकान माझ्या माहितीत नव्हतं, म्हणून फ्रिजही नागपूरहूनच घेतला. सोबत दोन पंखे आणि एक मिक्सर. एका राइसमिलच्या रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ही वरात घरी आली. शेजारच्या बाईने फ्रिजला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून तळ्यावरचे मासे डब्यात घालून आमच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली.

दीड वर्षाने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझ्या टेबलावरचं बिल सहज उचलून वाचलं. तो नुकताच गडचिरोलीहून बदलून आला होता आणि त्याच्याकडे तीन कार्डं होती, म्हणजे अनुभवी माणूस.

"बाबू, तुमी तं नुसतं व्याज भरून राह्यले," तो म्हणाला. "मुद्दल तिथीच आहे."

आम्ही कागदावर हिशेब केला. दीड वर्षात फ्रिजचा फक्त बर्फाचा कप्पा फिटला होता. आणि तो तसाही शेजारणीचा होता.

एरवी मी हे पचवलं असतं. पण त्या जूनमध्ये पोरीचा बारावीचा निकाल लागला होता आणि तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. तशी तिची लहानपणापासूनची जिद्द होती. दवाखान्यात नेलं की इतर पोरं रडायची, ही सुई बघत बसायची. कॉलेज आणि हॉस्टेलचे पैसे महिनाभरात भरायचे होते. अर्धे बायकोने बचत गटात जमवले होते. अर्धे मी द्यायचे होते, फ्रिजच्या किस्ती संपल्या की. म्हणजे आता प्रश्न फ्रिजचा नव्हता. पोरगी नागपूरला जाते की नाही, हा होता.

सहकाऱ्याने उपाय सांगितला. दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्यायचं. ती बँक पहिल्या बँकेचं सगळं देणं स्वतःकडे ओढून घेते आणि सहा महिने व्याज लावत नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"तुमी त्यायचे गिऱ्हाईक व्हावं म्हणून."

मला ते लगेच पटलं. आमच्या धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला यात समजायला काय अवघड? एका बांधीतले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटायचे, दुसऱ्या बांधीत रोवायचे. रोवणी केलेला धान आधीपेक्षा जास्त फोफावतो, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

फॉर्म भरला. त्यात तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यायची होती. मी शेजारच्या बाईचं आणि समोरच्या किराणा दुकानदाराचं नाव दिलं. त्या दोघांना सांगायचं राहिलं. घरीही सांगायचं राहिलं. म्हटलं, देणं एकदा तिकडे गेलं, की एकदम चांगली बातमीच सांगू.

आठवडाभराने बँकेने चौकशीला माणूस पाठवला. मी ऑफिसात, बायको बचत गटाच्या बैठकीला, पोरगी मैत्रिणीकडे. घराला कुलूप. पस्तिशीतला, नीट भांग पाडलेला, नागपूर पासिंगच्या मोटरसायकलवर फाइल घेऊन आलेला तो माणूस शेजारच्या बाईच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बाजूचे लोक कसे आहेत?"

आता यात बाईची काय चूक? घर स्वतःचं आहे का, किती वर्षांपासून राहतात, घरात कोण कोण, पगार किती, शेतीवाडी काही, कोणाचं देणं आहे का. उपवर पोरीच्या घराशेजारी अनोळखी माणूस येऊन नेमकं हेच विचारतो आणि त्याला आमच्याकडे एकच अर्थ असतो. बाईने त्याला बाजेवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि सांगायला बसली.

शेजारच्या पोरीची चौकशी आली, की आमच्याकडे खरं सांगत नाहीत. खोटंही सांगत नाहीत. बरं सांगतात. उद्या आपल्याही घरात पोरगी असते.

"देणं? त्यायच्या घरी?" बाई म्हणाली. "बाप्पा! मानूस म्हनजे देवमानूस. दारू नाई, सुपारी नाई. खर्च कराले हातच उठत नाई त्यायचा. आन पैशाच्या व्यवहारात असे चोख, का गल्लीतले लोकं त्यायलेच विचाराले येते."

त्याने सगळं लिहून घेतलं. समोरच्या दुकानदारानेही हयगय केली नाही. तो मला दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, "बाबू, मी तं चार एकर धानाची बांधी सांगतली."

"कोणाची?"

"तुमची. सोयरिकीत थोडं इकडंतिकडं चालते."

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी मी सायकल टेकवून घरात शिरलो तर बायको दारातच उभी.

"पोरीचं लगन जमवून राह्यले अन् मले शेजारीन सांगते?"

शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "पोराचा मोठा भाऊ असंन वो माय. बोलाले लय साधा."

कोण आलं होतं ते मला तत्काळ कळलं. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. तो बँकेचा माणूस होता असं सांगितलं असतं, तर फ्रिज, दीड वर्ष, मोठा आकडा, सगळं बाहेर आलं असतं. नाही सांगितलं, तर मी चोरून पोरीचं लग्न ठरवणारा बाप. मी जरा विचार केला आणि म्हणालो, "आलं असंन कोणी असंच."

"असंच कोणी नागपूरवरून गाडीनं येते?"

"पेट्रोलची चैन आहे एकेकाले."

बायको वळून स्वयंपाकघरात गेली. आणि त्या दिवसापासून पोरीने मला फ्रिजमधलं पाणी देणं बंद केलं. माठातलं मिळायला लागलं. ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं, तो फ्रिजच मला बंद झाला.

बातमी बसने गडचिरोलीला पोचली. तिथून मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, पोरगा नोकरीवाला आहे म्हनते. चांगलं केलं. मंग आता नर्सिंगले काऊन पैसे घालता? तेच पैसे लग्नात येतीन कामी."

फोनजवळ पोरगी उभी होती. मेव्हण्याचा आवाज मोठा आहे.

ती आत गेली आणि तिने नागपूरच्या कॉलेजचं माहितीपत्रक, जे महिनाभर भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं होतं, ते काढून जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर ठेवलं. आदळआपट नाही, काही नाही. तेव्हा मात्र मी ठरवलं की रविवारी सांगून टाकू. शनिवारी का नाही? सरकारी माणसाला पुढची तारीख लागते.

रविवारी सकाळी मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात दारात तीच मोटरसायकल थांबली. फॉर्मवर माझी एक सही राहिली होती.

बायकोने त्याला पाहिलं आणि पदर सावरला. मनातून रागावलेली, पण दारी आलेला पाहुणा. खुर्ची दिली, पोहे केले, लिंबू पिळलं. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "थांबा तुमी. मले बोलू द्या." शेजारची बाई माशांचा डबा न्यायला म्हणून आली आणि फ्रिजजवळच उभी राहिली.

"हे पाहा भाऊ," बायको म्हणाली, "आमची पोट्टी लहान आहे. ते शिकाले जाऊन राह्यली. पन तुमी दुसऱ्यांदा आले, तं विचारतो. पोरगा काय करते?"

माणूस गोंधळला. "बालवाडीत जाते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"बँकेकडून आलो बाई मी," तो म्हणाला. "साहेबांच्या जुन्या कार्डाचं देणं आमच्या बँकेत येनार आहे ना. एक सही राह्यली."

"कोनतं देणं?"

त्याने आकडा सांगितला. मोठा आकडा. रुपयांपर्यंत अचूक.

पोरगी आतून दारात आली. "म्हनजे माझ्या लग्नासाठी नाई आले हे?"

"नाई," मी म्हणालो.

"बस मंग," ती म्हणाली आणि पाट घेऊन तिथेच बसली. त्या खोलीत त्या क्षणी आनंदी असं एकच माणूस होतं.

बायकोने मला काहीच विचारलं नाही. सगळे प्रश्न त्या माणसाला. सहा महिने व्याज नाही, बरं. मग सातव्या महिन्यापासून?

त्याने आवाज खाली आणला. "मंग लागते बाई. आताच्यापेक्षा थोडं जास्तच."

"अन् देणं ओढून न्यायचे काही पैसे लागते?"

"ते शेकड्यानं लागते. एकदाच."

"तुमच्याजोळ आहे का हे कार्ड?"

"मले देत नाई बँक," तो म्हणाला. "माझा पगार बसत नाई त्यात."

"मंग यायले काऊन देते?"

त्याने फाइल उघडली आणि वाचून दाखवलं. स्वतःचं घर. चार एकर धानाची शेती. कोणाचं देणं नाही. व्यसन नाही. स्वभाव काटकसरी. पैशाच्या व्यवहारात चोख.

बायकोने हळूच मान वळवून शेजारणीकडे पाहिलं.

"मले काय मालूम बँकेचा मानूस आहे?" शेजारीण म्हणाली. "खरं सांगतलं असतं मंग."

खाडाखोड करून शेती काढा, असं बायकोने सांगितलं. त्याने बिचाऱ्याने काढली. मग तिने बोटांवर हिशेब केला, देण्याचे सहा भाग केले आणि मला म्हणाली, "करा सही."

मला वाटलं, माफी झाली. तसं नव्हतं. पगार त्या महिन्यापासून सरळ तिच्या हातात गेला. त्यातून देण्याचा एक भाग दर महिन्याला नव्या बँकेला, आणि त्यानंतर जे उरेल त्यात घर. उरायचं फार नाही. कॉलेजच्या पैशाचा माझा अर्धा वाटा तिने बचत गटातून कर्जाने उचलला. गटात चौदा बाया होत्या. कर्ज कशासाठी, हे गटात सांगावं लागतं. तिने सांगितलं. त्यानंतर बाजारात त्या चौदांपैकी कोणी समोर आली, की मी कांद्याचा भाव विचारायचो आणि न घेता पुढे जायचो.

नवं कार्ड आलं ते बायकोने तिच्याजवळ ठेवलं. जुनं बंद करायला मला फोनवर तीन वेळा इंग्रजीत कारण सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी मी 'बायको' एवढंच म्हटलं, तेव्हा झालं. त्या सहा महिन्यांत मी चहा ऑफिसातच प्यायलो, दाढी घरीच केली आणि तीन कार्डांच्या सहकाऱ्याला टाळलं. त्याचं चौथं आलं होतं.

पोरगी जुलैमध्ये नागपूरला गेली. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर तिला बसवून आलो. निघायच्या आधी तिने स्वतः होऊन फ्रिजमधल्या पाण्याचा गिलास आणून दिला. दात ठणकले, पण मी सगळं प्यायलो.

डिसेंबरात शेवटचा चेक लिहिला. बायको शेजारी बसून बघत होती, आकड्यातली शून्यं तिने दोनदा मोजली. मी सही केली, पेनला टोपण लावलं, आणि अंगात जरा तरतरी आली. म्हटलं, "पाह्य आता. कोणाचं देणं नाई, काटकसरी, व्यवहारात चोख. शेजारीन बोलली ते खरं झालं का नाई?"

ती चेक पाकिटात घालत म्हणाली, "माझे बाबा तुमची चौकशी कराले आले होते, तवा तुमच्या शेजाऱ्यानंबी हेच सांगतलं होतं. खरं व्हाले वीस वर्षं लागले."