खालच्या पायरीवरचा वाटा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या बाबतीत मी आमच्या वस्तीवरचा बदनाम माणूस आहे. कुणाच्या अंगात आलं की मला हसू आवरत नाही आणि आई मला तिथून हाकलते. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभवही मी जेवता जेवता वाचतो आणि निम्म्यांवर "काहीही हं!" म्हणतो. आता तुम्ही माझ्यावर तेच म्हणा, हरकत नाही. पण वाचून कुणाला उत्तर सुचलं तर कळवा... मी खरंच शोधतोय.

मी अमोल, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी तपासायला आहे. दत्ता माझा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्या बांधाला बांध लागून त्याचा झेंडूचा मळा. दोघांना शौक एकच — मोबाईलवरचा तो पॅराशूटनं उतरून मारामारी करायचा गेम. त्यात टीम चौघांची असते, पण अनोळखी माणूस आम्ही कधी घेतला नाही. मी मिस कॉल द्यायचा, दत्त्यानं ऑनलाइन यायचं, मी इन्व्हाइट टाकायचा, आणि दोघांनीच चौघांशी लढायचं. हरलो तरी आपल्या माणसाबरोबर हरलो! ऑटो मॅचिंग, म्हणजे गेमनंच कुणालाही आपल्या टीममध्ये आणून बसवणं, हे आमच्या मते एसटी स्टँडवर भेटेल त्याच्याशी सोयरीक जमवण्यासारखं होतं.

गेमच्या नकाशातल्या जागांना आमची नावं होती. रेल्वेचे डबे उभे असतात ते 'दौंड', उजाड टेकडी म्हणजे 'केंदूरचा माळ'. आणि कडेला बाहेरून जिना असलेलं एक दुमजली घर — ते 'आत्याचं घर'. दत्ताची आत्या केडगावला राहते, स्टेशनच्या पलीकडं. तिच्या घराला अगदी तसाच जिना आहे. सुट्टीत आम्ही दोघं तिच्याकडं असायचो. जेवायला कुणी मागं राहिलं की आत्या त्याचा वाटा ताटलीनं झाकून जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायची. मागं राहणारा कायम मीच. आणि आत शिरताना तिची हाक ठरलेली, "अमल्या, दार लाव, कुत्रं येतंय!"

गेममध्येही तेच चालू राहिलं. दत्ता आधी उतरायचा आणि जखमेवर बांधायच्या पट्ट्या सापडल्या की त्यातल्या थोड्या खालच्या पायरीवर माझ्यासाठी ठेवायचा. मी मागून जाऊन त्या उचलायचो आणि घराची सगळी दारं लावत फिरायचो... बाहेर गोळ्या सुटत असल्या तरी! येडेपणाच आहे, पण सवय.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. एका पॅनलमध्ये माझे चुलते, समोरच्यात दत्ताचे वडील, तात्या. तात्या पडले. गुलाल आमच्या दारात उधळला गेला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. आमचं दोघांचं भांडण झालंच नव्हतं, तरी मिस कॉल द्यायला कुणाचा अंगठा उचलेना. त्यातच दत्ताचं लग्न ठरल्याचं कळलं. गावभर पत्रिका फिरली, आमचा उंबरा सोडून. लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, तो परण्या. त्याच्या परण्यात घोड्यापुढं मी नाचायचं, हे शाळेपासून ठरलेलं. आणि मी काय करत होतो? त्या दिवशीचा ओव्हरटाइम मागून घ्यावा का, याचा विचार. लई वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

म्हणून मी ऑटो मॅचिंग चालू केलं. मिळेल तो आपला. एक हिंदीत नुसत्या शिव्या द्यायचा, दुसरा ऐन लढाईत "मम्मी बुला रही है" म्हणून पळायचा. पण मशीन तुम्हाला पॅनल कुठलं ते विचारत नाही, एवढं बरं होतं.

एका रविवारी दुपारी टीममध्ये एक मुका गडी आला. माइक बंद, नावाच्या जागी नुसते आकडे. उतरायच्या आधीच त्यानं नकाशावर खूण केली — आत्याचं घर! तिथं काही मिळत नाही, शहाणा माणूस तिकडं जातच नाही. मी नेहमीसारखा उशिरा पोचलो. खालच्या पायरीवर पट्ट्या ठेवलेल्या, आणि तो बाजूला उभा. मी उचलल्यावरच हलला.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मला हसू फुटलं. "दत्त्या, लेका!" मी माइकवर ओरडलो. उत्तर नाही. मॅच संपल्या संपल्या फ्रेंड रिक्वेस्ट टाकली. वाटलं, घरच्यांना चोरून, नवा आयडी काढून गडी माझ्याशी खेळतोय. मला एवढं पुरेसं होतं. चपला अडकवल्या आणि बांध ओलांडून सरळ त्यांच्या अंगणात गेलो.

तात्या मांडवाचे वासे रचत होते. "काय रं, वाट चुकलास व्हय?"

"न्हाई तात्या. दत्ताकडं आलोय."

त्यांनी हातातला वासा खाली ठेवला. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "चहा टाका गं. अमल्या आलाय."

दत्ता वासा खांद्यावर घेऊन आला, तोंड फुगलेलं. मी म्हटलं, "किती दिस लपून खेळनार?"

"लपून कोण खेळतंय? तूच की!"

"मग आत्ता पायरीवर पट्ट्या कुणी ठिवल्या?"

"कसल्या पट्ट्या? गेम काढून टाकला म्या, कवाच."

"सकाळधरनं मांडवात हाय ह्यो," तात्या म्हणाले. दत्तानं आतून फोन आणून माझ्या हातात दिला. गेम खरंच नव्हता.

"का काढलास?"

"तुझ्यामुळं." तो वाशावर बसला. "निवडणुकीनंतर म्या बी ऑटोवर खेळत हुतो. एकजण आला, बोलंना. आत्याच्या घरात शिरला आन् एकेक दार लावत सुटला. म्हनलं, ह्यो आपला अमल्या! माइकवर सांगितलं तुला, लगीन ठरलंय, पत्रिका घिऊन येऊ का, तुझ्या घरचे काय म्हनतील. तू हूं न्हाई की चूं न्हाई. लई लागलं मला. गेम काढला आन् पत्रिका कपाटात टाकली."

तो मी नव्हतो. आईशपथ, ऑटोवर माझ्याशी असं कुणीच कधी बोललं नव्हतं.

दत्ता आत जाऊन पत्रिका घेऊन आला. वर माझ्या चुलत्यांचं नाव आधीच लिहिलेलं. "संध्याकाळी घिऊन येतो. तात्या, तुम्ही बी चला."

तात्यांनी टोपी काढून झटकली. "चल की. त्यात काय!" आणि आले! चुलत्यांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. माझे डोळे भरून आले, ते मी आत आई चिरत होती त्या कांद्यावर ढकललं.

पुण्यात आयटीत असलेल्या मावसभावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, टीममध्ये रिकामी जागा असली की गेम बॉट भरतो, म्हणजे मशीनच खेळतं. मी विचारलं, बॉट दारं लावत फिरतो का? "नाही." स्वतःच्या पट्ट्या पायरीवर ठेवतो? "नाही रे." मग म्हणाला, तुम्ही दोघांनी इतके दिवस खेळून त्यालाच सवय लावली असेल. असेल बाबा. पण दत्ताची सवय नेमकी माझ्याकडं आणि माझी दत्ताकडं कुणी पाठवली? यावर त्यानं क्रिकेटचा विषय काढला.

हळदीच्या दिवशी आत्याला विचारलं. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही. नीट ऐकून म्हणाली, "आन् जो ठिवतो, त्याच्यासाठी कुणी ठिवलं का काय?"

"म्हंजी?"

"अरं, तुमी पोरं जेवल्याबिगर म्या जेवायची न्हाई. माझा वाटा कवा झाकून ठिवलात का?"

दत्ता उठला आणि आधी आत्याचं ताट वाढून घेऊन आला.

परण्यात मी चप्पल तुटेस्तोवर नाचलो. आता पुन्हा मिस कॉल चालू आहे, पण टीममधली एक जागा आम्ही ऑटोला सोडतो. आत्याच्या घरी उतरलो की खालच्या पायरीवर थोड्या पट्ट्या ठेवतो आणि पुढं निघतो. बहुतेक वेळा त्या तशाच पडून असतात. एकदा मात्र परत आलो तर पट्ट्या नव्हत्या. शत्रूनं नेल्या असतील, ठीक आहे. पण घराची सगळी दारं लावलेली होती. मी लावली नव्हती, दत्तानंही नाही. आणि ऑटोनं दिलेला गडी लांब तिकडं, दौंडला होता.

त्या मुक्या गड्याला टाकलेली माझी फ्रेंड रिक्वेस्ट अजून तशीच पडून आहे. मी ती मागं घेतलेली नाही.