बाहेर जेव, असं मी सांगितलं

"कोणाच्या डब्यात सुकट आहे?"

आमच्यात सगळ्यात जुन्या असलेल्या मोठ्या ताईंनी नाकाला ओढणी लावून विचारलं. अंबडच्या कारखान्यात आम्ही बारा जणी पॅकिंगला. जेवणाच्या सुट्टीत डबे गोल फिरतात, प्रत्येकीची भाजी प्रत्येकीच्या पोळीवर. त्या दिवशी कमलचा डबा फिरलाच नाही. सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यातली, येऊन चारच दिवस झालेले. तिनं झाकण लावलं आणि ती नुसतं पाणी प्यायली.

संध्याकाळी ती गेल्यावर ताईंनी विषय काढला. आवाज चढवला नाही. "जातीबितीचं काही नाही गं. खोली बंद, सुक्या मासळीचा वास कोंडतो. कोणाचा उपास असतो. शिवाय तिलाच अवघडतं बघ." एकेक मुद्दा पटण्यासारखा. एकेक मान हलत गेली. माझीही हलली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तूच सांग तिला. तूही तिकडचीच ना, पण बघ, कशी आमच्यातली झालीस!"

लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. नऊ वर्षं घरी नागलीची भाकरी खाऊन मी कारखान्यात गव्हाची पोळी आणत होते, ती याच वाक्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी कमलला आमच्या बोलीत सांगितलं. "बाय, तू भायेर सायकल स्टँडजवळ जेव. मी आपल्याकडचीच हाय, तुझं वाईट सांगन का?"

ती लगेच उठली. ताईंनी सांगितलं असतं तर भांडली असती. माझं ऐकलं, कारण मी तिची होते.

आठवड्यानं आमच्याच भागातली, पेठची एक नवी मुलगी आली. तिनं डबा उघडायच्या आत कमलनंच तिचा हात धरला. "चल बाय, इथं आपल्या बायांनी भायेर जेवायचं असतं."

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं. ताईंना आता कोणाला काही सांगायचीही गरज उरली नव्हती.

पुढच्या दिवशी मी डब्यात सुकट आणि नागलीची भाकरी भरली. बाहेर जाऊन त्या दोघींजवळ बसणं सोपं होतं. पण मग खोली ताईंचीच राहिली असती. मी टेबलावर डबा उघडला. म्हटलं, "वास माझाही आहे. मुद्दे आता मला सांगा." ताईंनी स्वतःचा डबा बाजूला ओढला.

मी कमलला बोलवायला गेले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तूच सांगितलं ना, भायेर जेव?"

ती आली नाही. तिनं यावं आणि मी सुटावं, एवढं स्वस्त नाही ते. मी रोज सुकट आणते. आत बसून खाते. आणि ताईंचा निरोप आमच्या बोलीत यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही.