इनासभाऊंची शुक्रवारची बस

इनास तुस्कानो यांची आणि माझी ओळख एका शिवीवरून झाली. साल १९९३. शारजापासून नव्वद किलोमीटर आत, उम्म सिद्र नावाच्या गावात आमच्या कंपनीनं सिमेंटचा कारखाना उभारायला घेतला होता. मी पुण्याहून साइट इंजिनीअर म्हणून नुकताच तिथे पोचलो होतो. कॅम्पच्या फाटकाशी एक बस वाळूत रुतली होती आणि तिचा ड्रायव्हर खाली उतरून मागच्या चाकाला म्हणत होता, "मेल्या, काल तर नीट चालत होतास!"

मी थांबलोच. चार दिवसांत कानांवर मल्याळम, उर्दू, तगालोग सगळं पडलं होतं. मराठी पहिल्यांदाच.

"तुम्ही मराठी?"

"वसईचा. पंधरा वर्षं एसटी चालवली साहेब, पण एसटी कधी वाळूत रुतली नव्हती."

बुटके, रुंद खांद्यांचे, मिशी व्यवस्थित कातरलेली, वय चाळिशीच्या आसपास. बायको नातालीन आणि दोन मुली वसईला. घरी केळीची बाग होती, पण ती तीन भावांत वाटली गेल्यावर इनासभाऊ गल्फला आले होते. कंपनीची बावन्न सीटची बस त्यांच्या ताब्यात होती. आठवडाभर कामगारांना साइटवर नेणं-आणणं आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांना शहरात बाजाराला नेणं हे त्यांचं काम.

आता गोष्ट अशी की तिकडे रविवार कामाचा. त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, तीही शुक्रवारीच होते. बस शहरात अकराला पोचायची आणि तोवर चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपलेली असायची. इनासभाऊ कॅम्प बॉसकडे गेले. म्हणाले, "बस पहाटे साडेपाचला काढू द्या. बाजारवाले बाजारात जातील, आम्ही चर्चमध्ये जाऊ." बॉसला काय, बस जायचीच होती. तो म्हणाला, "यल्ला, जाओ."

पहिल्या शुक्रवारी चर्चसाठी सात जण निघाले. दोन वर्षांनी बस भरून वर चार जण घडीच्या स्टुलांवर बसू लागले. दवाखान्यातल्या फिलिपिनो नर्सेस, केरळचे फिटर, गोव्याचे आचारी, मंगळूरचे दोघे क्लार्क. आणि मग भांडणं सुरू झाली. गाणी कुणाच्या भाषेत म्हणायची? एलियम्मा नावाच्या शाळामास्तरीण होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी मल्याळममध्ये एकदा धरलं की शहर येईपर्यंत सोडायच्या नाहीत. मागच्या सीटवरचे गोवेकर चिडून कोंकणीत दुसरंच गाणं सुरू करायचे. एकदा तर इनासभाऊंनी बस कडेला घेऊन इंजिनच बंद केलं.

"ऐका सगळे," ते आपल्या वसईच्या हिंदीत म्हणाले. "हर राउंडअबाउट को भाषा बदलेगा. पहला मल्याळम, दूसरा कोंकणी, तीसरा फिलिपिनो, चौथा मराठी."

"मराठी किसको आता है?" एलियम्मांनी विचारलं.

"मेरे को आता है. मैं अकेला गाएगा."

मधे बत्तीस किलोमीटरचा सरळ रस्ता होता, एकही राउंडअबाउट नसलेला. तो कुणाच्या वाट्याला यायचा यावरून पुन्हा वाद झाला, तेव्हा इनासभाऊंनी निकाल दिला की त्या पट्ट्यात सगळ्यांनी झोपायचं. ही व्यवस्था कित्येक वर्षं चालली. मीही बाजाराच्या निमित्तानं बसमध्ये असायचो. पुण्यातल्या देशस्थाला मल्याळम भजनं पाठ झाली ती अशी.

चर्चमध्ये फादर ऑरेलियो म्हणून एक इटालियन धर्मगुरू होते. साठी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. १९९७च्या जानेवारीत आमच्या दवाखान्यात एक केरळी सुतार अत्यवस्थ होता. त्याच्यासाठी फादर गुरुवारी संध्याकाळी उम्म सिद्रला आले, त्याच्याजवळ बसले, प्रार्थना केली. सुताराचा ताप पहाटे उतरला. फादर शुक्रवारी सकाळी आमच्याच बसनं परत निघाले.

आणि धुकं पडलं. हिवाळ्यात तिकडे कधीकधी असं धुकं पडतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. गावाच्या वेशीवर पोलिसांनी रस्ता बंद केला. बस मुश्ताकच्या गॅरेजसमोर थांबली. मुश्ताक सियालकोटचा, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दहा वर्षं इंजिनं उघडून इकडे आला होता. आमच्या बसचा डॉक्टर तोच. तो नुकताच नमाज पढून आला होता. बस पाहून त्यानं शटर वर केलं, सगळे दिवे लावले आणि चहा ठेवला.

सात वाजले, आठ वाजले. धुकं हलेना. एलियम्मा इनासभाऊंना म्हणाल्या, "मिस्सा चुकणार."

इनासभाऊ उठून फादरांजवळ गेले. मग म्हणाले, "फादर, आज उलटंच झालंय. रोज आमच्याकडे बस असते, फादर नसतात. आज फादर आहेत, बस चालत नाही. मिस्सा इथेच का नाही होणार?"

फादरांच्या पिशवीत सगळं साहित्य होतं. त्यांनी मुश्ताकला विचारलं, "तुझी हरकत?"

"इबादत है, फादर साहब. हरकत कैसी?" असं म्हणून मुश्ताक कामालाच लागला. दोन गाड्या ढकलून बाहेर काढल्या. गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या. हत्यारांचं टेबल रॉकेलनं पुसलं आणि बायकोसाठी गावी न्यायला घेतलेली पांढरी, नवी कोरी चादर घडी मोडून त्यावर पसरली. ती झाली वेदी. छपन्न माणसं टायरांच्या थप्प्यांमधे उभी राहिली. ग्रीसचा वास होता. मी आणि मुश्ताक दाराशी उभे होतो.

मिस्सा अर्ध्यावर आली आणि बाहेर एक पिकअप थांबली. मुश्ताकचा चेहरा पांढरा पडला. गॅरेजचे मालक आले होते, अबू हारुन. पांढरी दाढी, हातात काठी, मुंबईशी खजुराचा व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी बोलणारे. त्यांनी आत पाहिलं. चपला काढल्या. आणि मिस्सा संपेपर्यंत दाराबाहेर, धुक्यात उभे राहिले.

संपल्यावर इनासभाऊच पुढे झाले. "मालक, गलती मेरी. मुश्ताक का कुछ नहीं."

"हर जुम्मा किधर जाते हो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शहर. नब्बे किलोमीटर."

"कितने साल?"

"चार."

अबू हारुननी काठीनं टायरांच्या थप्प्या दाखवल्या. "गराज में गाडी होना चाहिए," ते म्हणाले. "दुआ के लिए दुआ की जगह. इतवार को मेरे साथ बलदिया चलो."

बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. इनासभाऊ फादरांचं पत्र घेऊन रविवारी गेले. प्रत्येक टेबलावर आधी कॉफी. कप रिकामा झाला की पोऱ्या पुन्हा भरायचा. पुरे झालं की कप हलवून परत द्यायचा असतो, हे इनासभाऊंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ते अकरा कप पिऊन आले आणि दोन दिवस झोपले नाहीत. अर्जाचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "इन्शाल्ला म्हणाले आहेत."

हे इन्शाल्ला तीन वर्षं चाललं. कागद या खात्यातून त्या खात्यात गेले, एकदा हरवले, पुन्हा सापडले. इनासभाऊ सुट्टी काढून जायचे, अबू हारुन काठी टेकत सोबत असायचे. दोघांची चांगलीच गट्टी जमली. गाडीत ते खजूर आणि केळी यांपैकी कशाची बाग सांभाळणं कठीण यावर वाद घालायचे. तो वाद मिटला नाही, पण सन २०००मध्ये गावाच्या कडेचा जमिनीचा तुकडा चर्चसाठी मंजूर झाला. मंजुरीचा कागद हातात आला तेव्हा इनासभाऊ माझ्या केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "साहेब, आमच्या वसईतली चर्चेस चारशे वर्षांची. तिथे आम्ही नुसते जाऊन बसतो. हे आपल्याला बांधायचंय."

बांधकामाचा नकाशा मी तपासून दिला. शुक्रवारी दुपारी कामगार आपणहून यायचे. त्यांत तेलुगू हिंदू होते, पठाण होते. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही, असा नियम होता आणि तो सगळ्यांना मान्य होता. पण घंटेशिवाय लोकांना मिस्सेला वेळेवर जमवायचं कसं? तोवर मोबाइल आले होते. इनासभाऊ सकाळी एलियम्मांना मिस्ड कॉल द्यायचे, एलियम्मा पुढच्या दोघांना, ते आणखी चौघांना. पाच मिनिटांत अख्ख्या गावाचे फोन किणकिणायचे, आणि खर्च शून्य.

२००२च्या नोव्हेंबरात चर्चचं उद्घाटन झालं. उम्म सिद्र आता स्वतंत्र धर्मग्राम, म्हणजे चर्चचा वेगळा विभाग, झालं होतं. नातालीनवहिनी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. फादर ऑरेलियो खूप थकले होते, पण आले. अबू हारुन पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी मुश्ताक इस्त्रीच्या सलवार-कमीजमध्ये. आणि इनासभाऊ कुठे? सवयीनं बाहेर, बसजवळ.

वहिनी उठून बाहेर गेल्या. "अहो, आत या."

"मी इथूनच ऐकतो. गाडी राखायला नको?"

"कुठे पळून जातेय ती?" वहिनींनी हात धरून त्यांना आत आणलं. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं, अस्मीनं, सरकून जागा केली आणि विचारलं, "Uncle, why are you crying?"

"धूळ गं," ते म्हणाले. सगळीकडे नुकतीच फरशी पुसलेली होती.

मिस्सेनंतर मुश्ताकनं मोठ्या देगीत बिर्याणी आणली. वहिनींनी वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, वाटली. अबू हारुननी एक खाल्लं, दुसरं मागून घेतलं, पण खजुराबद्दलचं मत काही बदललं नाही.

बाजाराची फेरी आता दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली होती, त्यामुळे पुढच्या शुक्रवारी नऊ वर्षांत पहिल्यांदाच इनासभाऊंना कुठे जायचं नव्हतं. मिस्सा झाली, घरी आले, जेवले आणि सरळ चार वाजेपर्यंत झोपले. वहिनी हेमाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाल्या, "लग्नानंतर दुपारी झोपलेले आज बघितले."

त्यानंतर ते गायनवृंदात शिरले. एलियम्मांनी त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं आणि बजावलं, "तुस्कानो, आवाज छोटा." ते मान डोलावायचे. पण बस चालवत गायलेला गळा तो. इंजिनाच्या वर ऐकू जायची त्याला सवय. चर्चच्या फाटकातून आत येताना मला सगळ्यात आधी ऐकू यायचा तो त्यांचाच आवाज, सुरापेक्षा थोडा पुढे, आणि त्यामागून धापा टाकत येणारे बाकीचे.