काचेवरचं नाव

आमच्या ह्यांना अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. शिरोलीत फाउंड्री चालवत होते, ओतकामातला बारीक दोष त्यांना लांबून दिसायचा. पण चार माणसांनी आपल्याकडे मान वळवून बघावं हा एक रोग होता, आणि त्यावर औषध नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ती नवी छोटी गाडी रस्त्यावर दिसायला लागली आणि ह्यांची झोप उडाली. एकरकमी पैसे कुठून आणणार? शाहूपुरीतल्या एका फायनान्सवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. तो म्हणाला, "पावणं, चौथा हिस्सा रोख भरा. ऱ्हायलेलं तीन वर्सांच्या हप्त्यात फेडा. अवघड काय हाय त्यात?"

खरंच काही अवघड नव्हतं. चौथा हिस्सा ह्यांच्याजवळ होता, हप्ता फाउंड्रीतून निघाला असता. मी मनात म्हटलं, घ्या बापडे. तेवढ्यात तो म्हणाला, "फकस्त मागच्या काचंवर आमचं नाव रंगवणार. हप्तं फिटंपर्यंत पुसायचं न्हाय."

ह्यांचा चेहरा उतरला. का, ते मला माहीत होतं. ह्यांच्या एका मित्राच्या काचेवर असंच नाव होतं आणि ह्यांनी वर्षभर चहाच्या टपरीवर त्याला सोलून काढलं होतं. "गाडी शेटची, पेट्रोल तुझं!" असं म्हणून टाळ्या घ्यायचे. आता तसंच नाव मिरवत त्याच टपरीसमोरून कसं जाणार?

"नावाबिगर न्हाय का व्हायचं?" ह्यांनी विचारलं.

"निम्मं रोख भरलासा तर न्हाय टाकत. मग आमाला कसलं भ्या?"

झालं. निम्म्याला कमी पडणारे पैसे घरात एकाच ठिकाणी होते, पोस्टातल्या माझ्या पुस्तकावर. आठ वर्षं घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत मशीन टाकून मी मुलींना शिवण शिकवलं होतं, गल्लीभरचे ब्लाउज शिवले होते. त्यातून मला बाजारात गाळा घ्यायचा होता. माझी पाटी, माझ्या चार मशिनी, दाराला माझं कुलूप. गाळ्याचे मालक चाचा भले माणूस. "भाभी, दसऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही," म्हणाले होते.

"गाळा काय पळून जातोय व्हय?" हे म्हणाले. "आन् गाडी काय माझ्या एकट्याची हाय?"

पोस्टात जाऊन सही मी केली. कुणी हात धरून करवली नाही. ह्यांना मी एवढी नावं ठेवते, पण ती सही आठवली की मला माझीच शिसारी येते. नवऱ्याची इभ्रत बायकोनं सांभाळायची असते, असलं काहीतरी खूळ माझ्याही डोक्यात होतं.

दसऱ्याला गाडी आली. त्याच आठवड्यात चाचांच्या गाळ्यात सायकलवाला आला. गाडीची मागची काच कोरी करकरीत. हे टपरीवरून तीन चकरा मारून आले. त्याआधी मला पांढऱ्या कापडाचा सफारी शिवायला लावला होता. पायजमा घालून गाडी चालवणं शोभत नाही म्हणे. मिशीला तूप लावायचं आणि तेही बायकोच्या वाटीतलं!

रविवारी गाडी पूजेसाठी जोतिबाच्या डोंगरावर नेली. पुढच्या सीटवर पूजेचं ताट, म्हणून मी मागं बसले. वर पोचल्यावर हे उतरले आणि फडकं घेऊन बॉनेटवरची धूळ पुसायला लागले. एक नारळवाला गाडीभोवती फिरला. मागची काच बघितली, मग ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"झ्याक हाय की गाडी! फायनान्सचं नाव बी न्हाय. मालक तालेवार दिसतोय. पगार किती देतोय वो तुमास्नी?"

बड्या लोकांचे ड्रायव्हर तेव्हा पांढऱ्याच कपड्यांत असायचे. हे फडकं हातात धरून तसेच उभे राहिले.

"मालक कुठं हायती?" त्यानं परत विचारलं.

मला ह्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मी काच खाली केली.

"मालक मीच हाय," मी म्हटलं. "दोन नारळ द्या. पैसं डायवर देत्यात."